पावकी, उपपत्ती आणि पस्तीस गुण

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय 'गणितशिक्षणाची स्थिती' असा छापला आहे. स्थिती म्हटलं की श्रोते टक्केवारी ऐकायच्या तयारीने बसतात. आकडे आम्ही देऊ, पण थोडेच. आम्हाला मुख्यतः इतिहास सांगायचा आहे, कारण आजची स्थिती काही एकाएकी आलेली नाही. ती निदान दोनशे वर्षे शिजत आली आहे. आणि तत्त्वज्ञानाच्या मास्तराने गणितावर का बोलावे, असे कोणाच्या मनात असेल तर एवढेच सांगतो की 'हे खरं कशावरून?' हा प्रश्न दोन्ही विषयांत सारखाच विचारला जातो. शिवाय शेजारच्या माहीमचे सोनोपंत दांडेकर पुण्यात तत्त्वज्ञानच शिकवीत, आणि पालघरच्या कॉलेजाला त्यांचे नाव आहे. तेव्हा शिरगावच्या किनाऱ्याला तत्त्वज्ञानाचा मास्तर अगदीच नवा नाही.

आमचे म्हणणे असे आहे. आपल्याकडे गणिताची दोन घरे होती, एक बाजार आणि दुसरे मठ. बाजारात हिशेब होता, मठात उपपत्ती होती. उपपत्ती म्हणजे 'असे का' याचे कारण. आधुनिक शाळा आली तेव्हा या दोन घरांचे सोयरीक जुळवायची उत्तम संधी होती. ती जुळली नाही. शाळेने तिसरेच घर बांधले, ते परीक्षेचे. आजही मूल गणितात नापास होते ते बहुधा या तिसऱ्या घरात.

मठ हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरत नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला, आणि त्या मठाला मिळालेल्या देणग्या या लेखात कोरल्या आहेत. लेखाचा मोठा भाग संस्कृत आहे. पण शेवटी, जिथे पैशाची गोष्ट येते, तिथे भाषा मराठी होते! त्या पेठेत माल विकला जाई तेव्हा गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळायचे, ते मठाला दिले आहे. म्हणजे 'लीलावती' शिकवण्याचा खर्च पेठेतली गिऱ्हाइके चालवत होती. आमच्या माहितीत बाजार आणि मठ एका दगडावर इतक्या जवळ आल्याचे दुसरे उदाहरण नाही. पण जवळ आले ते पैशापुरते. तेलाचा हिशेब करणारा घाणेवाला मठात शिकायला बसला असेल, असे समजायला काही आधार नाही.

मठातल्या गणिताची प्रत फार वरची होती. आपल्याच कोकण किनाऱ्यावर, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात, सोळाव्या शतकात गणेश दैवज्ञ होऊन गेले. पंचांगवाल्यांना ते 'ग्रहलाघव'मुळे ठाऊक असतात. पण त्यांनी १५४५ साली 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' नावाची टीका लिहिली, आणि तिच्यात नियमांच्या उपपत्ती दिल्या. आपल्याकडे नुसती सूत्रे होती, सिद्धता ग्रीकांकडे होती, असे आमच्या विद्यार्थिदशेत सर्रास सांगितले जाई. ते बरोबर नाही. कारण सांगायची परंपरा होती. ती मूठभर घरांत होती आणि संस्कृतात होती, हे मात्र खरे.

आता बाजाराकडे येऊ. पंतोजींच्या शाळेला आपण फार हसतो. धूळपाटी, छडी, संध्याकाळी ओरडून म्हटलेले पाढे आणि परवचा. पण त्या शाळेत काय पाठ करून घेत ते बघा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. आजच्या मुलाला सांगितलं तर तो विचारेल, साडेतिनाचा पाढा कशाला हवा? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. अडीचकीचे उदाहरण घेऊ. चाळीस शेरांचा मण धरला आणि रुपयाचे आणे सोळा, तर चाळीस भागिले सोळा म्हणजे अडीच. म्हणून मणाला जितके रुपये भाव, तितकेच आणे अडीच शेराला. तांदूळ मणाला नऊ रुपये असेल तर अडीच शेर तांदूळ नऊ आण्यांना. भागाकार नको, कागद नको. गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत वाण्याचा हिशेब झालेला असे.

या पाढ्यांमागे अपूर्णांकांचे मोठे चातुर्य होते. पण पोराला ते कोणी सांगत नसे. सोळा आणि चाळीस यांचे नाते काय, अडीच कुठून आले, हे विचारले की छडी. म्हणजे बाजारात उत्तर होते आणि कारण नव्हते. मठात कारण होते, पण तिथे सगळ्यांना प्रवेश नव्हता.

१८२० च्या दशकात मुंबईत काही काळ असे वाटावे अशी परिस्थिती होती, की हे दोन प्रवाह मराठीत एकत्र येतील. १८२२ साली शाळा व शालेय पुस्तकांसाठी मुंबईत एक मंडळी स्थापन झाली. एल्फिन्स्टन तिच्या पाठीशी होते. जॉर्ज जर्व्हिस या लष्करी इंजिनियराने जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने अंकगणित, बीजगणित, भूमिती यांची पुस्तके मराठीत आणली. पाठोपाठ बाळशास्त्री जांभेकर. 'दर्पण'कार म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत, पण ते एल्फिन्स्टन संस्थेत गणित आणि खगोल शिकवीत. त्यांच्या ग्रंथांत 'शून्यलब्धिगणित' नावाचे एक पुस्तक आहे. विषय कोणता? कॅल्क्युलस. बाळशास्त्री १८४६ साली वारले, वय जेमतेम चौतीस. म्हणजे त्याच्या आधीच मराठीत कॅल्क्युलस होते, आणि आज पालघर तालुक्यातला मराठी माध्यमाचा मुलगा अकरावीला सायन्स घेतो तेव्हा पहिल्या दिवसापासून त्याला ते इंग्रजीतच शिकावे लागते! त्याला गणित अवघड जाते की भाषा, हे त्याला स्वतःलाही कळत नाही.

ही वाट का बुजली? १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि मॅट्रिकची परीक्षा आली. विद्यापीठाची भाषा इंग्रजी. ज्या विषयाचे शेवटचे टोक इंग्रजीत, त्याची मराठी पुस्तके खालच्या वर्गांपुरती उरणारच. विद्यापीठाला आम्ही नावे ठेवत नाही. रानडे तिथलेच. केरो लक्ष्मण छत्र्यांसारखे गणिताचे प्राध्यापक त्या काळात झाले आणि टिळक त्यांच्या हाताखाली शिकले. पुढे फर्ग्युसनमध्ये टिळक स्वतः गणित शिकवीत आणि गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून लागले. राजकारणातल्या जहाल आणि मवाळ या दोन्ही टोकांना गणिताचे मास्तर उभे होते, ही गोष्ट आम्हाला नेहमी गमतीची वाटते.

पण या काळात गणिताचा एक नवाच उपयोग सुरू झाला, तो म्हणजे माणसांची प्रतवारी लावणे. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. हिंदुस्थानातून पहिलेच. कोकणातल्या मुर्डी गावचा मुलगा केंब्रिजमध्ये पहिला येतो, याचा अभिमान कोणाला वाटणार नाही? त्यात गैर काही नव्हते. मात्र त्यानंतर मराठी मध्यमवर्गाच्या मनात 'गणित येणे' म्हणजे 'पहिला येणे' हे समीकरण पक्के बसले. खुद्द केंब्रिजने १९०९ नंतर ती क्रमवार यादी लावणे सोडून दिले. यादीसाठी घोकंपट्टी होते, गणित मागे पडते, हे तिथल्या गणितज्ञांनाच जाणवले होते. आपल्याकडे बोर्डाची गुणवत्ता यादी एकविसावे शतक उजाडले तरी वर्तमानपत्रांत फोटोंसह झळकत होती.

आता आपण या जिल्ह्यात येऊ, कारण गणित न येण्याची किंमत काय असते ते इथे फार स्पष्ट दिसते. त्याआधी एक नोंद. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची त्यांची यादी फार व्यवहारी आहे. वाचन, मोडी आणि बाळबोध लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेती. हिशेब त्या यादीत अगदी वरच्या बाजूला आहे. सात वर्षांपूर्वी, १८७५ मध्ये, पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले होते. वही जाळणे हा ज्याला वही वाचता येत नाही त्याचा उपाय आहे. फुल्यांना ती वाचता यायला हवी होती.

तीच कथा सत्तर वर्षांनी इथे. १९४५ साली डहाणू-तलासरी भागात वारल्यांचा उठाव झाला. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यात राहिले, आणि गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्यातली लग्नगडी ही पद्धत आठवा. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे. फिटेपर्यंत म्हणजे कधी? ते ठरवणारी वही जमीनदाराकडे. मुद्दल किती, व्याज किती, किती दिवसांचे काम वळते झाले, यातला एकही आकडा अंगठा देणाऱ्याला तपासता येत नव्हता. पिढ्या गेल्या, कर्ज फिटले नाही. गवत कापायची मजुरी वजनावर ठरे आणि ताजवा मालकाचा. त्या लोकांना बांधून ठेवणारी साखळी लोखंडाची नव्हती, बेरीज-वजाबाकीची होती. दडपशाही आणि गुंडगिरी होतीच, तिचे महत्त्व आम्ही कमी करत नाही. पण वहीशिवाय नुसत्या काठीवर ती इतकी वर्षे चालली नसती.

आणि त्याच १९४५ साली, त्याच पट्ट्यात, बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीत मुरलेल्या होत्या. त्या पद्धतीची साधने महाग, शहरी घरांत परवडणारी. बोर्डी-कोसबाडला त्यांनी ती सोडली आणि चिंचोके, शिंपले, खडे, पाने, काटक्या हातात घेतल्या. मूल शाळेत येत नाही तर शाळा पाड्याच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज देशभर चालणारा शब्द तिथला आहे. मोठी मुले गुरे राखायला जातात, तर शाळा कुरणावर गेली. तिला कुरणशाळा म्हणत.

आमच्या दृष्टीने कोसबाडचे महत्त्व निव्वळ सेवेपुरते नाही. गणिताच्या बाबतीत त्यांनी जे केले ते बाजार आणि मठ यांना जोडणारे होते. गुरे मोजणारे मूल मोजायला आधीच शिकलेले असते. त्याच्या हातातल्या खड्यांपासून पाटीवरच्या अंकापर्यंत त्याला नेणे, हे काम बाईंनी पाहिले. खडे दहा-दहाचे ढीग करून मांडले की दशक म्हणजे काय ते दिसते. स्थानिक किंमत ही मनुष्यजातीच्या मोठ्या कल्पनांपैकी एक आहे, आणि ती चिंचोक्यांत दाखवता येते. बालवाडीच्या मुलाला हीच उपपत्ती. आपल्या सरकारांनी कोसबाडला पुरस्कार भरपूर दिले. तिथली रीत मात्र पहिली-दुसरीच्या वर्गात फारशी शिरली नाही.

डहाणूवरून आणखी एका माणसाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसनमधून पदवी, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. गणितात डॉक्टरेट नाही, विद्यापीठात जागा नाही. आकड्यांशी खेळणारा एक विक्षिप्त मास्तर म्हणून पुष्कळ विद्वान त्यांच्याकडे बघून हसले. मग १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि इथल्यांना जाग आली.

त्यांची ६१७४ ची गंमत आपण करूनच बघू. पालघर जिल्हा झाला ते साल घ्या, २०१४. यातले अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, ४२१०. उलट मांडा, ०१२४. वजा करा, ४०८६. पुन्हा तेच. ८६४० वजा ०४६८, आले ८१७२. पुढे ८७२१ वजा १२७८, ७४४३. मग ७४४३ वजा ३४४७, ३९९६. मग ९९६३ वजा ३६९९, ६२६४. मग ६६४२ वजा २४६६, ४१७६. आणि ७६४१ वजा १४६७, ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च राहते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते. आपली सातव्या पायरीला आली. चौथीच्या मुलाला यासाठी वजाबाकीखेरीज काही लागत नाही. आणि त्याने 'असं का होतं?' विचारले, तर बाकांवर बसलेल्या पदवीधरांनाही उत्तर द्यायला घाम फुटेल. वजाबाकीचा सराव आणि 'का' हा प्रश्न एकाच खेळात! कापरेकरांचे नाव आपण सामान्यज्ञानाच्या प्रश्नात घालतो, वजाबाकीच्या धड्यात मात्र घालत नाही.

स्वातंत्र्यानंतरचा काळ आम्ही थोडक्यात घेतो. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. आमच्या पिढीची गंमत अशी की पावकी-निमकी पाठ करून झाली आणि लगेच ती निरुपयोगी झाली. मास्तर वर्गात अजून सोळा आणे म्हणत, दुकानात शंभर पैसे चालत. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे आणि तीन आणे म्हणजे एकोणीस. मग एकेका आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर अठरा, एकदम घेतल्या तर एकोणीस. पोरं अर्थातच तीनदा रांगेत उभी राहत. आसन्न किंमत हा धडा कोणत्याही पुस्तकाने शिकवला नसेल इतका चांगला त्या दोन-तीन वर्षांत दुकानदारांनी शिकवला. दशमान पद्धत हवीच होती, तिने हिशेब सोपे केले. पण पावकीच्या जागी काय, हे कोणी ठरवले नाही. तोंडी हिशेबाची ताकद गेली आणि तिच्या जागी समज आली म्हणावे, तर तीही आली नाही.

कोठारी आयोगाने १९६६ साली पहिली दहा वर्षे गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे असे सांगितले. सत्तरच्या दशकात दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला, त्याबरोबर 'नवे गणित' आले, संच आले. संच ही सुंदर कल्पना आहे. पण ती शिकवणाऱ्याला तिचे प्रयोजन कोणी सांगितलेच नाही. परिणामी मुलांनी संचाची व्याख्या पाठ केली, जशी आजोबांनी औटकी केली होती. भूमितीतल्या सिद्धतांचे तेच. 'पायथागोरस यंदा येणार का?' असे मुले विचारतात, म्हणजे परीक्षेत. उपपत्ती पाठ करणे ही आमच्या मते शिक्षणातली सर्वांत विचित्र गोष्ट आहे. ज्या गोष्टीचा सगळा उपयोग पटण्यात आहे, ती न पटता लिहायची! पंतोजी निदान उपयोगाचे तरी पाठ करून घेत.

विद्यापीठांचे काय? टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये निघाली, आणि दामोदर कोसंबी त्याच वर्षी फर्ग्युसन सोडून पुढे तिथे गेले. हे एक चिन्ह समजा. उत्तम गणित संशोधनसंस्थेत गेले, शिकवणे कॉलेजात उरले, आणि दोघांमध्ये लोकलने तासाभराचे अंतर असूनही संबंध राहिला नाही. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली भास्कराचार्य प्रतिष्ठान काढले तेव्हा हे अंतर कमी करायचा एक प्रामाणिक प्रयत्न झाला. पण बी.एस्सी.ला गणित घेणारे बहुसंख्य विद्यार्थी आजही मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांवर पदवी मिळवतात, आणि त्यांच्यातलेच काही शाळेत शिक्षक होतात. वर्तुळ पूर्ण होते.

आता २०१९. हा प्रसंग आम्हाला जरा सविस्तर सांगायचा आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची एक नवी रीत आली. बत्तीस म्हणजे 'तीस दोन', त्रेसष्ट म्हणजे 'साठ तीन'. जुनी नावे काढून टाकली नव्हती, जोडीला ही दिली होती. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. महाराष्ट्रभर हलकल्लोळ झाला. विधानसभेत आडनावांवरून विनोद झाले. मराठीचा अपमान, मुलांचे लाड, असे म्हणून झाले. नारळीकरबाई शांतपणे कारण सांगत राहिल्या आणि ते ऐकायला थोडेच थांबले.

कारण काय होते? बत्तीस म्हणताना आपण दोन आधी म्हणतो, तीस नंतर. लिहिताना तीन आधी, दोन नंतर. सहा-सात वर्षांच्या मुलाने कान एकीकडे आणि हात दुसरीकडे चालवायचा. त्यात एकोणतीस, म्हणजे तिसाला एक कमी, ही वजाबाकी. एकोणनव्वदपर्यंत हा नियम चालतो आणि नव्व्याण्णवला अचानक मोडतो. बावन्न, त्रेपन्न, अठ्ठावन्न यांत पन्नासाचा पत्ता लागत नाही. आपल्याला हे अवघड वाटत नाही कारण आपण ते विसरलो आहोत. पण ज्याच्या घरी वारली बोलली जाते, किंवा ज्याचा बाप बोईसरच्या कारखान्यात काम करायला परराज्यातून आला आहे, त्याला ही शंभर वेगवेगळी नावे म्हणजे शंभर वेगळे दगड. कन्नड आणि तेलुगूत दहाचा गट आधी येतो. नॉर्वेत आपल्यासारखेच उलटे म्हणत. १९५१ साली त्यांच्या संसदेने ठरवून ते सुलट केले. म्हातारे लोक जुने म्हणत राहिले, शाळा नवे. कोणाची भाषा बुडाली नाही. आणि आपल्याकडेही खेड्यात साठाला 'तीन विसा' म्हणणारी माणसे होतीच की. तेही मराठीच.

आम्हाला स्वतःला बत्तीस प्रिय आहे, पुढेही आम्ही बत्तीसच म्हणू. पण महाराष्ट्रात कित्येक वर्षांनी कोणीतरी पहिलीदुसरीच्या गणितात 'मुलाला हे का कळत नाही?' असा प्रश्न विचारला होता, आणि आपण त्याला विनोदाने उत्तर दिले. याचे वाईट वाटते.

कळत नाही हे कशावरून? 'असर' या पाहणीत ग्रामीण भागातल्या मुलांना घरी जाऊन तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला देतात. हे साधारण तिसरी-चौथीचे काम. देशभरात पाचवीतल्या मुलांपैकी २०२२ साली जेमतेम पावभाग मुलांना ते आले, २०२४ साली तीस टक्क्यांच्या थोडे वर. इथून उत्तरेला तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते आहे. त्याच देशातला हा भागाकार.

पण ही आकडेवारी वाचून 'पोरं ढ आहेत' म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट वाचावी. २०२५ च्या आरंभी 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास आला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे त्याच्या लेखकांत आहेत. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी वगैरे विकणाऱ्या मुलांकडून अभ्यासकांनी आडवेतिडवे वजन मागून खरेदी केली. मुलांनी हिशेब भराभर आणि बरोबर केले, कागद न घेता. तीच गणिते कागदावर शाळेच्या पद्धतीने दिली, तर बहुतेकांना येईनात. उलट नुसत्या शाळेत जाणाऱ्या मुलांना कागदावरची बरी आली, आणि बाजारातली आली नाहीत. दोन्ही गटांना आपापले गणित येते आणि दुसऱ्याचे येत नाही. पाटणच्या शिलालेखापासून आम्ही ज्या दोन घरांबद्दल बोलतो आहोत, ती घरे अजून तशीच उभी आहेत.

ते इथेही पाहायला मिळते. सातपाटीच्या बाजारात मासळीचा वाटा लावणाऱ्या आईशेजारी बसलेली मुलगी घासाघीस झाल्यावरचा भाव, सुटे पैसे, उरलेल्या वाट्यांची किंमत हे सगळे डोक्यात धरते. सोमवारी ती वर्गात शेकडेवारीपुढे गप्प बसते. तिच्या बाईंना तिचा बाजार माहीत नसतो असे नाही, बाई त्याच बाजारात मासळी घेतात. पण तो धड्यात आणायला वेळ नसतो, आणि परीक्षेत तो विचारत नाहीत.

अशा मुलीचे दहावीला काय होणार? २०२४ च्या ऑक्टोबरात बातमी आली की राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात गणित आणि विज्ञानाला पस्तिसाऐवजी वीस गुण मिळाले तरी पुढे जाऊ द्यावे, अशी तरतूद सुचवली आहे. मात्र गुणपत्रिकेवर शेरा येणार, की या विद्यार्थ्याला पुढे गणित-विज्ञानाचे अभ्यासक्रम घेता येणार नाहीत. त्यामागची करुणा आम्ही समजू शकतो. एका विषयापायी दहावी अडते, मुलींची तर लग्नेच लावून टाकतात. अडवण्यापेक्षा सोडणे बरे, यात तथ्य आहे. आमचे भांडण वीस या आकड्याशी नाही, त्या शेऱ्याशी आहे. कारण तो मुंबईतल्या मुलांच्या गुणपत्रिकांवर फारसा दिसणार नाही, त्यांना क्लास आहेत. तो जव्हार, मोखाडा, तलासरीत दिसेल, आश्रमशाळांत दिसेल. जिच्या पणजोबांना वही वाचता येत नव्हती म्हणून राबावे लागले, तिच्या हातात आपण पुन्हा एक कागद देणार, आणि तिच्याविषयीचा निकाल त्यावर दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेला असणार.

हा शेरा कोणत्या वयात, कोणत्या परीक्षेवरून आणि कोणी लिहायचा, आणि तो पुढे खोडता येईल की नाही, हे ठरण्याआधी या जिल्ह्यातल्या शिक्षकांनी आपले म्हणणे लेखी पाठवावे असे आम्हाला वाटते. पाठवताना वर्गातली चार गणिते आणि बाजारातली चार गणिते, दोन्ही सोबत जोडावीत, आणि तीच मुले दोन्हीकडे काय करतात ते लिहावे. एवढे काम शिरगाव-सातपाटीच्या दोन शाळा एका आठवड्यात करू शकतील. समोर तीन-चार शिक्षिका बसलेल्या दिसत आहेत. त्यांचे प्रश्न आधी घेऊ, मग बाकीच्यांचे.